अ‍ॅड्रिनल ‘नॉर्मल’ आणि अ‍ॅड्रिनल ‘दिसली नाही’ : किडनीच्या सोनोग्राफीचे दोन रिपोर्ट कसे वाचायचे

प्रश्न थोडक्यात असा : वय ३८, रक्तदाब १५०/१००च्या आसपास, दोन गोळ्या चालू असूनही पुरता आटोक्यात येत नाही. म्हणून डॉक्टरांनी किडनी आणि अ‍ॅड्रिनल ग्रंथींची सोनोग्राफी सांगितली. तीन महिन्यांपूर्वीच्या रिपोर्टात उजवी किडनी १०.४ सेंटिमीटर, डावी १०.६ आणि ‘दोन्ही अ‍ॅड्रिनल नॉर्मल’ असं लिहिलंय. आता दुसरीकडे केलेल्या रिपोर्टात उजवी ९.६, डावी १०.८, उजवीकडे ‘सौम्य हायड्रोनेफ्रोसिस’, उजव्या कॉर्टेक्सची इकोजेनिसिटी ‘किंचित वाढलेली’, डाव्या किडनीच्या वरच्या टोकाला १८ मिलिमीटरची साधी सिस्ट, आणि शेवटी ‘अ‍ॅड्रिनल ग्रंथी दिसल्या नाहीत’. किडनी तीन महिन्यांत ८ मिलिमीटर आकसली का, अ‍ॅड्रिनलला काही झालंय का, आणि तिसऱ्यांदा सोनोग्राफी करावी का, असं तुम्ही विचारलंय.

मी वीसेक वर्षं रोज सोनोग्राफी करतो आहे. तुमचे दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून वाचले. अ‍ॅड्रिनलच्या बाबतीत माझा जास्त विश्वास दुसऱ्या रिपोर्टावर बसतो, आणि तो नेमका तुम्हाला खटकलेल्या त्या शेवटच्या ओळीमुळे.

अ‍ॅड्रिनल ही ग्रंथी केवढी असते ते आधी डोळ्यांसमोर आणा. मोठ्या माणसात एकेका ग्रंथीचं वजन ४ ते ५ ग्रॅम. लांबी ४-५ सेंटिमीटर भरते, पण तिच्या ज्या दोन पातळ पाकळ्या असतात त्यांची जाडी जेमतेम ३ ते ६ मिलिमीटर. ती किडनीच्या डोक्यावर टोपीसारखी बसलेली असते असं शाळेत शिकवतात. प्रत्यक्षात ती किडनीच्या वरच्या टोकाच्या पुढे आणि आतल्या बाजूला, चरबीत रुतलेली, पाठीच्या कण्याला लगटून असते. त्वचेपासून तिथवर पोचायला आवाजाच्या लहरींना बराच पल्ला काटावा लागतो. पल्ला जितका लांब तितकी कमी वारंवारतेची लहर वापरावी लागते. पोटाच्या सोनोग्राफीचा प्रोब साधारण २ ते ५ मेगाहर्ट्झवर चालतो, आणि वारंवारता कमी झाली की बारकावेही कमी दिसतात. म्हणजे ग्रंथी पातळ, जागा खोल, भोवती चरबी आणि हातातलं साधन त्या खोलीवर थोडं जाडंभरडं. निरोगी अ‍ॅड्रिनल मोठ्या माणसात न दिसणं ही अगदी रोजची गोष्ट आहे.

उजवी त्यातल्या त्यात सोपी. तिच्या पुढे लिव्हर असतं आणि लिव्हरमधून आवाज छान पलीकडे जातो. रुग्णाला डाव्या कुशीवर थोडं वळवायचं, प्रोब बरगड्यांच्या फटीत ठेवायचा, खोल श्वास घेऊन रोखायला सांगायचं. शरीराच्या खालच्या भागातलं रक्त हृदयाकडे नेणारी मोठी शीर, जिला आम्ही आयव्हीसी म्हणतो, ती आधी शोधायची. तिच्या मागे, एका बाजूला लिव्हर आणि दुसऱ्या बाजूला श्वासपटलाच्या स्नायूचा पाय, यांच्या मधल्या पांढऱ्या चरबीत एक बारीक काळसर रेघ दिसते. ती अ‍ॅड्रिनल. पुष्कळदा तो स्नायूच अ‍ॅड्रिनल म्हणून मोजला जातो, कारण तोही काळसर आणि पातळच असतो. स्नायू कण्याच्या दिशेने लांबवर जात राहतो आणि ग्रंथी मध्येच संपते, एवढ्या फरकावर सगळं अवलंबून असतं.

डावी खरी परीक्षा घेते. लिव्हरची खिडकी तिला नाही. प्लीहा लहान असते, आणि पुढून जावं तर जठरातली हवा आडवी येते. हवा म्हणजे आवाजाच्या वाटेतली भिंत. मग रुग्णाला उजव्या कुशीवर झोपवून मागच्या बाजूने, प्लीहा, किडनी आणि महाधमनी यांच्या मधल्या त्रिकोणात बघावं लागतं. त्या त्रिकोणात फसवणारे बरेच असतात : प्लीहेचा सुटा छोटा गोळा (हा कित्येक लोकांत जन्मतःच असतो), स्वादुपिंडाचं शेपूट, प्लीहेची वळणं घेत जाणारी रक्तवाहिनी, जठराचा मागे झुकलेला भाग. पाणी पाजून पुन्हा पाहिलं तर जठर ओळखू येतं, कारण आत पाणी हलताना दिसतं. डॉपलर, म्हणजे वाहतं रक्त दाखवणारी सोनोग्राफीतलीच सोय, लावला की रक्तवाहिनी ओळखू येते. इतकं सगळं करूनही सडपातळ माणसात डावी अ‍ॅड्रिनल मिळाली तर मला समाधान वाटतं, आणि पोट सुटलेल्या माणसात नाही मिळाली तर आश्चर्य वाटत नाही.

‘दोन्ही अ‍ॅड्रिनल नॉर्मल’ हे वाक्य खरं असू शकतं. पण ते पुष्कळदा संगणकातल्या तयार मसुद्यात आधीच लिहिलेलं असतं आणि कोणी खोडत नाही. हे मी अनुभवाने सांगतो. सुरुवातीच्या काळात माझ्याही मसुद्यात ती ओळ होती. एका बाईंच्या रिपोर्टात ती तशीच गेली. काही महिन्यांनी दुसऱ्याच कारणासाठी त्यांचा सीटी स्कॅन झाला आणि डाव्या अ‍ॅड्रिनलमध्ये दीड सेंटिमीटरची गाठ निघाली. ती मला सोनोग्राफीत दिसली असती का? बहुधा नाही. पण ‘नॉर्मल’ लिहिल्यामुळे त्यांच्या डॉक्टरांनी त्या दिशेने बघणं थांबवलं होतं, आणि ते माझ्या ओळीमुळे. त्या दिवसापासून मसुद्यातली ती ओळ काढली. आता दिसलं तर माप लिहितो, नाही दिसलं तर ‘दिसली नाही’ लिहितो, आणि का दिसली नाही तेही लिहितो. तुमचा दुसरा रिपोर्ट ज्यांनी लिहिला त्यांनी हेच केलंय.

मग ‘दिसली नाही’ यातून तुम्हाला काय कळतं? तिथे तीन-चार सेंटिमीटरची गाठ असती तर, विशेषतः उजवीकडे, ती बहुतेक डोळ्यांत भरली असती. उजव्या अ‍ॅड्रिनलमधली मोठी गाठ आयव्हीसीला पुढे ढकलते, आणि लिव्हर व किडनीच्या मधली चरबीची पांढरी रेघही पुढे सरकवते. गाठ लिव्हरचीच असेल तर हीच रेघ मागे सरकते. श्वासाबरोबर गाठ लिव्हरला धरून हलते की लिव्हर तिच्यावरून घसरत जातं, हेही आम्ही बघतो. तेव्हा मोठी गाठ असण्याची शक्यता या तपासणीने बरीच कमी झाली, इतकं म्हणता येतं. एक सेंटिमीटरची आहे की नाही, याबद्दल मात्र सोनोग्राफी काहीच सांगत नाही.

आणि तुमच्या बाबतीत प्रश्न त्या छोट्या गाठीचाच आहे. कमी वयात रक्तदाब चढतो आणि औषधांना नीट दाद देत नाही, तेव्हा अ‍ॅड्रिनलच्या दोन आजारांचा विचार प्रामुख्याने होतो. एक, अल्डोस्टेरॉन हे हार्मोन जास्त बनणं. जेरोम कॉन यांनी १९५५ साली त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला कॉन सिंड्रोमही म्हणतात. यातली गाठ बहुधा दोन सेंटिमीटरपेक्षा लहान असते, आणि कित्येकांत गाठच नसते, दोन्ही ग्रंथी किंचित जाड होऊन जास्त हार्मोन बनवत असतात. दुसरा आजार फिओक्रोमोसायटोमा, म्हणजे अ‍ॅड्रिनॅलिनसारखी रसायनं रक्तात सोडणारी गाठ. ही तुलनेने दुर्मीळ, सापडते तेव्हा बऱ्याचदा तीन सेंटिमीटरच्या पुढे गेलेली असते, म्हणून सोनोग्राफीत दिसण्याची शक्यता तिची जास्त. पण दोन्हींचं निदान सुरू होतं ते रक्ताच्या किंवा लघवीच्या तपासणीने. चित्र नंतर. आधी चित्र काढलं तर दोन्हीकडून फसायला होतं : छोटी गाठ सुटते, नाहीतर हार्मोनशी काही संबंध नसलेली निरुपद्रवी गाठ सापडते आणि सगळे तिच्याच मागे लागतात. वय वाढेल तशा अशा निरुपद्रवी गाठी अ‍ॅड्रिनलमध्ये बऱ्याच लोकांना असतात.

म्हणून तिसऱ्या सोनोग्राफीबद्दल माझं उत्तर : अ‍ॅड्रिनलसाठी करू नका. त्याऐवजी तुमच्या डॉक्टरांना रक्तातलं अल्डोस्टेरॉन आणि रेनिन (किडनीतून येणारं, अल्डोस्टेरॉनला चालना देणारं रसायन) यांच्या गुणोत्तराची तपासणी करायची का, असं विचारा. पोटॅशियम नॉर्मल आलं म्हणून हा आजार नाही असं समजू नका. यातल्या बऱ्याच रुग्णांचं पोटॅशियम नॉर्मलच असतं. डोकं ठणकणं, दरदरून घाम आणि छातीत धडधड असे झटके येत असतील तर मेटानेफ्रिन्सची, म्हणजे अ‍ॅड्रिनॅलिनसारख्या रसायनांपासून बनणाऱ्या पदार्थांची, तपासणीही करायला हवी. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे या आकड्यांत फरक पडतो, पण गोळी बंद करायची की बदलायची हे डॉक्टरांनीच ठरवायचं. स्वतःहून एकही गोळी थांबवू नका.

आता किडनीकडे वळू. इथे सोनोग्राफी खरोखर कामाची आहे, फक्त तिचे शब्द नीट समजून घ्यायला हवेत.

लांबी आधी. मोठ्या माणसाची किडनी साधारण ९ ते १२ सेंटिमीटर, उंच माणसाची थोडी मोठी, ठेंगण्याची थोडी लहान. डावी सहसा उजवीपेक्षा किंचित लांब. तुमच्या चारही आकड्यांत एकही या पट्ट्याबाहेरचा नाही. एकाच किडनीचं माप दोन माणसांनी घेतलं तर अर्धा ते एक सेंटिमीटर फरक सहज पडतो, आणि तो का पडतो ते कळलं की तुमची काळजी बरीच उतरेल. किडनी शरीरात सरळ उभी नसते. तिचं वरचं टोक कण्याकडे आणि मागे झुकलेलं, खालचं टोक बाहेर आणि पुढे. प्रोब त्याच तिरक्या रेषेत वळवला तरच दोन्ही टोकं एका चित्रात येतात. लांबट वस्तूचा छेद तिच्या अक्षातून गेला तर पूर्ण लांबी मिळते. जरासा तिरपा गेला की कमी भरते, आणि जास्त भरण्याची चूक त्या मानाने क्वचित होते. त्यातून उजव्या किडनीच्या वरच्या टोकावर बरगडीची सावली पडते आणि खालच्या टोकावर आतड्यातली हवा. म्हणून मी प्रत्येक किडनी दोन-तीनदा मोजतो आणि ज्या चित्रात दोन्ही टोकांची कड स्पष्ट आहे त्यातलं सर्वांत मोठं माप धरतो. तुमच्या बाबतीत १०.४ खरं आणि ९.६ तिरप्या छेदाचं, हीच शक्यता मला जास्त वाटते. तीन महिन्यांत किडनी ८ मिलिमीटर आकसायला तिचा रक्तपुरवठा अचानक तुटण्यासारखं काहीतरी मोठं घडावं लागतं, आणि ते सहसा गुपचूप घडत नाही.

तरीही फरकाकडे काणाडोळा करायचा नाही. दोन किडन्यांच्या लांबीत दीड सेंटिमीटरपेक्षा जास्त तफावत असेल तर लहान किडनीची धमनी अरुंद झाली आहे का, किंवा लहानपणीच्या जंतुसंसर्गाने तिच्यावर व्रण राहिलेत का, हे बघावं लागतं. तुमची नव्या रिपोर्टातली तफावत १२ मिलिमीटर, जुन्यातली २. वय ३८ आणि रक्तदाब हट्टी, म्हणून ही एक गोष्ट नीट तपासून घेण्यासारखी आहे. त्यासाठी साधी सोनोग्राफी पुन्हा करण्यापेक्षा किडनीच्या धमन्यांचा डॉपलर उपयोगी. त्यात महाधमनीपासून किडनीपर्यंत रक्ताचा वेग मोजतात. धमनीत वेग सेकंदाला २०० सेंटिमीटरच्या वर गेला, किंवा महाधमनीतल्या वेगाच्या साडेतीन पटीहून जास्त झाला, तर तिथे अडथळा असल्याचा संशय येतो. अडथळ्याच्या पलीकडे, किडनीच्या आतल्या छोट्या धमन्यांत, रक्ताचा ठोका मंद आणि बुटका उमटतो. वय झालेल्यांमध्ये धमनी तोंडाशीच अरुंद होते. तरुणांमध्ये, विशेषतः स्त्रियांमध्ये, धमनीच्या भिंतीचाच एक आजार असतो, त्यात मधला आणि पुढचा भाग बाधित होतो. तो भाग आतड्याच्या हवेमागे दडतो, म्हणून धमनी पूर्ण लांबीत दिसली का, हे रिपोर्टात लिहिलेलं असायला हवं. या तपासणीला वेळ लागतो. सहा-आठ तास उपाशी पोटी जा, आणि ज्यांचा या कामावर हात बसलाय अशांकडेच जा. दहा मिनिटांत उरकलेल्या डॉपलरवर मी विसंबणार नाही.

पुढची ओळ : ‘सौम्य हायड्रोनेफ्रोसिस’. आपल्याकडे याला सर्रास ‘किडनीला सूज’ म्हणतात. डॉक्टरही म्हणतात, मीही पूर्वी म्हणायचो. आता टाळतो, कारण सूज म्हटलं की माणसाला दाह वाटतो, किडनी खराब झाली असं वाटतं. हायड्रोनेफ्रोसिस म्हणजे किडनीतून लघवी गोळा करून खाली पाठवणारी नळ्यांची जागा फुगणं, बस. वाटेत अडथळा असेल तर ती फुगते हे खरं, पण मूत्राशय गच्च भरलेलं असलं तरी फुगते. तुम्ही लिहिलंय की तासभर लघवी रोखून बसला होतात. अशा वेळी योग्य रीत एकच : लघवी करून यायला सांगायचं आणि पुन्हा प्रोब ठेवून बघायचं. फुगवटा ओसरला तर त्याला रोग म्हणायचं नाही. तुमच्या रिपोर्टात ‘लघवी केल्यानंतर’ असे शब्द कुठेच नाहीत. दुसरा रिपोर्ट मला प्रामाणिक वाटतो असं म्हणालो, पण ही उणीव त्याची आहे, आणि ज्या केंद्रात केलं तिथेच जाऊन पाच मिनिटांत ती भरून काढता येईल. लांबीही त्याच वेळी पुन्हा मोजून घ्या. तिसरीकडे नवा रिपोर्ट काढण्यापेक्षा हे बरं.

फुगवट्याबाबत उलटी चूकही होते, आणि ती जास्त धोक्याची. अडथळा नुकताच आला असेल, पहिल्या काही तासांत, किंवा रुग्णाच्या अंगात पाणीच कमी असेल, तर फुगवटा दिसत नाही. कंबरेतून कळ मारतेय, लघवीतून रक्त जातंय आणि सोनोग्राफी ‘नॉर्मल’ आली, तर खडा नाही असं मानू नये. मूत्रवाहिनीच्या मधल्या भागातला खडा सोनोग्राफीत बहुधा आतड्याच्या आड राहतो. तो शोधायला साधा, इंजेक्शनशिवायचा सीटी स्कॅन सर्वांत भरवशाचा. किडनीतल्या छोट्या खड्यांचं नेमकं उलटं : ३ मिलिमीटरचा खडा सोनोग्राफीत ५ चा दिसतो, आणि धमनीच्या भिंतीवरचा चमकता ठिपकाही कधीकधी खडा म्हणून लिहिला जातो. मागे स्वच्छ काळी सावली पडते का आणि कलर डॉपलरमध्ये त्या जागी रंग लुकलुकतात का, हे पाहिल्याशिवाय मी खडा लिहीत नाही.

इकोजेनिसिटीबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण रिपोर्टातल्या या एका शब्दाने किती लोकांची झोप उडवली आहे ते मी पाहतो. इकोजेनिसिटी म्हणजे एखादा भाग पडद्यावर किती पांढरा दिसतो ते. पांढरेपणाला एकक नाही. तो शेजाऱ्याशी तुलना करूनच सांगायचा. उजव्या किडनीचा शेजारी लिव्हर, डावीची प्लीहा. निरोगी किडनीचा बाहेरचा थर, म्हणजे कॉर्टेक्स, लिव्हरइतकाच किंवा त्याहून थोडा काळा असतो आणि प्लीहेपेक्षा काळा असतो. आता गंमत बघा : लिव्हरमध्ये चरबी साठली असेल तर लिव्हरच पांढरं होतं, आणि शेजारची आजारी किडनीसुद्धा तुलनेने काळी, म्हणजे नॉर्मल भासते. लिव्हरला तीव्र दाह असेल तर लिव्हर काळं होतं आणि चांगली किडनी पांढरी भासते. त्यावर पुन्हा यंत्राची बटणं आहेतच. एक बटण फिरवलं की सगळंच उजळतं.

तुमच्यात वाढ फक्त उजवीकडे लिहिली आहे. साखर, रक्तदाब किंवा किडनीच्या गाळणीचे आजार दोन्ही किडन्यांना सारखे धरतात, एकीला सोडत नाहीत. तेव्हा एकाच बाजूची ‘किंचित वाढ’ ही तुलनेची चूक असू शकते, नाहीतर त्या एकाच बाजूचा काही प्रश्न, ज्याचं उत्तर डॉपलर देईल. ‘किंचित’ या शब्दावर मी फार काही उभं करणार नाही. मी पाहतो ते हे : कॉर्टेक्स आणि त्याच्या आतले काळसर त्रिकोणी भाग, म्हणजे पिरॅमिड, यांच्यातला फरक टिकून आहे का, आणि कॉर्टेक्सची जाडी किती. तो फरक पुसला गेला, कॉर्टेक्स पातळ झालं, किडनी ९ सेंटिमीटरच्या खाली आली, अशा तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या तर जुना आजार आहे असं ठामपणे म्हणता येतं. तिथेही अपवाद आहेत. मधुमेहात किडनी बरीच निकामी होईपर्यंत आकाराने चांगली राहते, सुरुवातीला तर मोठीही असते.

दिसायला सगळं छान आणि काम मात्र निम्मं, अशी किडनी मी कितीदा पाहिली आहे. सोनोग्राफी किडनीचं रूप दाखवते, तिचं गाळण्याचं काम दाखवत नाही. ते कळतं रक्तातल्या क्रिएटिनिनवरून काढलेल्या ईजीएफआर या आकड्यातून आणि लघवीतल्या अल्ब्युमिनच्या प्रमाणातून. ईजीएफआर तीन महिने किंवा जास्त काळ ६० च्या खाली राहिला तर त्याला जुनाट किडनीविकार म्हणतात. तुमच्या प्रश्नात या दोन्ही तपासण्यांचा उल्लेख नाही. झाल्या नसतील तर आधी त्या करा. दोन्ही मिळून खर्च डॉपलरपेक्षा कमी येतो आणि माहिती जास्त मिळते.

सिस्टबद्दल लवकर सांगून टाकतो. ‘गाठ’ हा शब्द ऐकून तुम्ही घाबरलात, पण ही पाण्याची पुळी आहे. आत निखळ काळी, कड पातळ आणि गुळगुळीत, आणि तिच्या मागचा भाग जास्त उजळ दिसतो, कारण पाण्यातून आवाज जवळजवळ न घटता जातो. या तिन्ही खुणा असतील तर ती साधी सिस्ट, तिचं काही करायचं नाही, तिच्यावर पाळतही ठेवायची नाही. आत पडदे, जाड भिंत, मऊ मांसल भाग किंवा रक्तप्रवाह दिसला तर गोष्ट वेगळी, आणि मग सीटी किंवा एमआरआय लागतो. सिस्टची बॉस्निआक नावाची जी वर्गवारी रिपोर्टात वाचायला मिळते ती १९८६ पासून वापरात आहे, पण ती बेतली आहे सीटीसाठी (२०१९ च्या सुधारणेत एमआरआयसुद्धा). सोनोग्राफीवरून बॉस्निआकचा आकडा लिहिलेला दिसला तर तो अंदाज समजावा.

रक्तदाबाच्या संदर्भात सिस्टचा एक प्रश्न मात्र मी तुम्हाला नक्की विचारेन : आई, वडील किंवा भावंडांपैकी कोणाला किडनीत अनेक सिस्ट, कमी वयात रक्तदाब, डायलिसिस? घरात पॉलिसिस्टिक किडनीचा आनुवंशिक आजार असेल तर १५ ते ३९ वयात दोन्ही किडन्यांत मिळून तीन किंवा जास्त सिस्ट सापडल्या की निदान होतं. ४० ते ५९ वयात प्रत्येक किडनीत किमान दोन लागतात. तुमची एकच आहे, तेव्हा ते निदान यात बसत नाही. घरात इतिहास असेल तरच पुढे विचार.

तुमची सिस्ट डाव्या किडनीच्या वरच्या टोकाला आहे, म्हणजे अ‍ॅड्रिनलच्या अंगणातच. ती किडनीचीच आहे याची खात्री करायची साधी युक्ती म्हणजे श्वास. रुग्णाला हळू श्वास घ्यायला लावून बघायचं, सिस्ट किडनीला चिकटून तिच्याबरोबर सरकते की दोघींच्या मध्ये चरबीची रेघ घसरताना दिसते. किडनीच्या टोकाची कड सिस्टशी चोचीसारखी उघडत असेल तर ती किडनीतूनच निघालेली. हे तुमच्या चित्रांत मला तपासता येत नाही, कारण ते चालत्या चित्रात बघायचं असतं. पुन्हा जाल तेव्हा त्यांना हेही बघायला सांगा.

अ‍ॅड्रिनलचं एक चित्र मला फार आवडतं, ते इथे सांगण्याचा मोह आवरत नाही. चरबी आणि रक्त बनवणाऱ्या पेशी मिळून तिथे एक निरुपद्रवी गाठ होते, मायलोलायपोमा. पडद्यावर ती झगझगीत पांढरी दिसते. सोनोग्राफीचं यंत्र सगळ्या शरीरात आवाजाचा वेग सेकंदाला १५४० मीटर धरून चालतं, पण चरबीत तो १४५०च्या आसपास असतो. त्यामुळे गाठीतून गेलेला आवाज उशिरा परततो, यंत्राला वाटतं मागची वस्तू आणखी खोल आहे, आणि गाठीमागची श्वासपटलाची अखंड रेघ त्या तुकड्यापुरती तुटून मागे सरकलेली दिसते. यंत्राची चूक, पण ती चूकच सांगते की गाठीत चरबी आहे.

सर्वांत चांगली अ‍ॅड्रिनल दिसते ती नवजात बाळाची. जन्माच्या वेळी ती किडनीच्या जवळजवळ एक तृतीयांश असते, चरबी नसते, प्रोब जास्त वारंवारतेचा लावता येतो, आणि काळ्या कडांच्या मधली पांढरी रेघ सुरेख उमटते. बाळाला एका बाजूला किडनीच नसेल तर तिथली अ‍ॅड्रिनल कण्याला समांतर, आडवी पडल्यासारखी सपाट दिसते. गर्भाच्या सोनोग्राफीत ती किडनी समजली जाऊ शकते. अवघड प्रसूतीनंतर बाळाच्या अ‍ॅड्रिनलमध्ये रक्तस्राव होतो, तेव्हा तिथे मोठी गाठ दिसते आणि कर्करोगाची शंका येते. तिथे हाच स्वस्त, निरुपद्रवी प्रोब कामी येतो. रक्तस्राव असेल तर आठवड्या-आठवड्याला गाठ लहान होत जाते, आत पाणी होतं आणि डॉपलरमध्ये प्रवाह नसतो. त्या आईवडिलांना दर खेपेला घटत जाणारा आकडा सांगणं हे माझ्या कामातलं मोठं सुख आहे.

तुमच्यासाठी क्रम असा सुचवतो. क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि लघवीतलं अल्ब्युमिन. त्याच सुमारास डॉक्टरांच्या सल्ल्याने अल्डोस्टेरॉन-रेनिन गुणोत्तर, आणि झटके येत असतील तर मेटानेफ्रिन्स. दुसरा रिपोर्ट जिथे केला त्याच केंद्रात लघवी करून झाल्यावर उजव्या किडनीची फेरपाहणी आणि फेरमोजणी. तफावत खरी ठरली, किंवा खरी नसली तरी रक्तदाब तिसऱ्या गोळीवर जाण्याची वेळ आली, तर धमन्यांचा डॉपलर. हार्मोनचा आकडा बिघडलेला निघाला तरच अ‍ॅड्रिनलचा सीटी. तो आधी इंजेक्शनशिवाय करतात, आणि गाठीची घनता १० हाउन्सफिल्ड युनिट किंवा त्याहून कमी भरली, गाठ सगळीकडे एकसारखी असली, तर ती कर्करोगाची नाही असं समजतात.

आणि सीटीत गाठ निघालीच, तर घाईने कोणी ‘सुई टाकून तुकडा काढू’ म्हणालं, तर मेटानेफ्रिन्सचा रिपोर्ट आलाय का, हे आधी विचारा. ती गाठ फिओक्रोमोसायटोमा असेल तर सुईच्या धक्क्याने रक्तदाब जिवावर बेतेल इतका उसळू शकतो. तो रिपोर्ट हातात येईपर्यंत सुईला हो म्हणू नका.